सातवं पान

चिरंजीव सहा-फूट-सात यास अनेक आशीर्वाद.

तुझं नाव मुद्दामच लिहीत नाही. हे पत्र तुमच्या फ्रिजवर लागणार आणि तिथून मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाणार, हे मला पक्कं माहीत आहे. रविवारच्या मराठी शाळेत जोडाक्षरं आली की तुला तहान लागायची, तेव्हा कुठे अडलास तर आईकडून वाचून घे. वाचता वाचता ती मध्येच गप्प झाली, तर तो भाग तिच्यासाठी होता असं समज.

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. एका हातात मधल्या फळीतल्या कॉलेजची बास्केटबॉलसाठीची पूर्ण स्कॉलरशिप, दुसऱ्या हातात युरोपातल्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधल्या एका क्लबचं पत्र. बाबा म्हणतात, आधी डिग्री. तू म्हणतोस, कोबी ब्रायंट कुठे गेला होता कॉलेजात?

मग कोबीचंच घेऊ. त्याचं पोस्टर तुझ्या खोलीत आहे, पण गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. 1996 साली तो फिलाडेल्फियाजवळच्या लोअर मेरियन हायस्कूलमधून थेट एनबीएच्या ड्राफ्टमध्ये उतरला. (आई विचारेल म्हणून: एनबीए म्हणजे अमेरिकेतली सर्वांत मोठी व्यावसायिक लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्यातल्या संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं.) शार्लटच्या संघाने 13 व्या क्रमांकावर त्याला निवडलं आणि लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे देऊन टाकलं. वय 17, म्हणून करारावर आईवडिलांनाही सही करावी लागली. बाप स्वतः एनबीए खेळलेला, नंतर इटलीत बरीच वर्षं खेळला. पोरगं व्यावसायिक खेळाडूच्या घरातच वाढलं होतं. 12 मे 1997 ला, पहिल्याच हंगामाच्या शेवटी, युटाविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात शेवटच्या काही मिनिटांत आणि जादा वेळेत मिळून त्याने चार एअरबॉल टाकले. रिंगला स्पर्शसुद्धा नाही. लेकर्स हरले आणि हंगाम तिथेच आटोपला.

लोक ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला तिच्यात दुसरंच दिसतं. पहिला शॉट हवेत गेल्यावर दुसरा, तिसरा आणि चौथाही त्याच अठरा वर्षांच्या पोराच्या हातून गेला. कोचने त्याला बाहेर ओढलं नाही. उन्हाळ्यात कोणी घरी पाठवलं नाही. त्या रात्रीचं बिल संघाने भरलं.

मला तुला एवढंच विचारायचं आहे. तुझं एक वर्ष वाईट जाणार, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी ते सगळ्यांचंच जातं. त्या वर्षाचं बिल कोण भरणार?

आता डेट्रॉइट पिस्टन्स या संघाने घेतलेल्या दोन पोरांची गोष्ट ऐक. ती कुठल्या पोस्टरवर सापडायची नाही. पहिला कोर्लिओन यंग, कॅन्ससमधल्या विचिटाचा. 1998 साली कॉलेज न करता ड्राफ्टमध्ये आला आणि पिस्टन्सने त्याला दुसऱ्या फेरीत 40 व्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या हंगामात एकूण 3 सामने खेळायला मिळाले. एनबीएत त्याचा दुसरा हंगाम कधी झालाच नाही. दुसरा अमीर जॉन्सन. 2005 साली तोही हायस्कूलमधून थेट आला, त्याच पिस्टन्सकडे, आणि तोही दुसऱ्या फेरीत, 56 व्या क्रमांकावर, म्हणजे यंगपेक्षाही खाली. पहिल्या हंगामात तो किती सामने खेळला असेल? 3. पुढच्या हंगामात 8. आणि तरीही तो माणूस एनबीएत 14 हंगाम टिकला.

तोच संघ, पहिल्या वर्षी तेवढेच सामने. मग फरक कशाचा? यंगमध्ये जिद्द कमी होती, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. तो आतून काय होता, ते मी कोण सांगणार? पण एक गोष्ट दोघांच्या हाताबाहेरची होती. 1998 मध्ये एनबीएकडे कच्च्या पोराला खेळवण्यासाठी स्वतःची दुय्यम लीगच नव्हती. डी-लीग सुरू झाली 2001 साली, आणि लीग व खेळाडूंच्या संघटनेतल्या 2005 च्या करारापासून संघांना आपले तरुण खेळाडू हक्क न सोडता तिथे पाठवता येऊ लागले. यंग बेंचवर बसला. जॉन्सनला फेएटव्हिलच्या संघात पाठवलं, पुढच्या वर्षी सू फॉल्सला. छोटी गावं, अर्धी रिकामी स्टेडियम, पण कोर्टवर मिनिटं भरपूर. बिल पिस्टन्सच भरत होते. पोरगं चुका करत करत शिकलं.

गंमत बघ, ज्या 2005 च्या कराराने ही सोय केली, त्यानेच हायस्कूलमधून थेट येण्याचा दरवाजाही बंद केला. ड्राफ्टच्या वर्षात वय 19 व्हायला हवं आणि अमेरिकन मुलाच्या हायस्कूलनंतर एक हंगाम उलटलेला हवा. त्यामुळे जुन्या नियमाने थेट हायस्कूलमधून निवडला गेलेला शेवटचा मुलगा अमीर जॉन्सनच ठरला. त्याआधी 1975 मध्ये डॅरिल डॉकिन्स आणि बिल विलबी, मग वीस वर्षांनी 1995 मध्ये केव्हिन गार्नेट, 2001 मध्ये पहिल्या क्रमांकावर क्वामे ब्राऊन, 2003 मध्ये लेब्रॉन जेम्स, ही यादी तुला पाठच असेल. आपल्या लोकांनी मात्र 2015 चा सतनाम सिंग लक्षात ठेवलाय. पंजाबातल्या बल्लो के गावचा मुलगा, चौदाव्या वर्षी फ्लोरिडाच्या अकादमीत आला, डॅलसने 52 व्या क्रमांकावर घेतला. निवडला गेलेला पहिला भारतीय. त्या रात्री मंडळाच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरले होते. एनबीएचा नियमित सामना त्याला एकही मिळाला नाही. आता तो कुस्तीच्या रिंगणात दिसतो आणि मजेत दिसतो. म्हणून त्याला बिचारा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण निवड होणं वेगळं आणि खेळायला मिळणं वेगळं, एवढं त्याच्याकडून घे.

म्हणजे तू ठरवलंस तरी आज थेट उडी नाहीच. मधलं एक वर्ष कुठे काढायचं, एवढाच तुझा प्रश्न आहे. त्या वर्षाची दुकानं बऱ्याच जणांनी थाटली. ब्रँडन जेनिंग्स 2008 साली कॉलेज टाळून रोमला गेला. तिथे चमकला नाही, तरी पुढच्या वर्षी 10 व्या क्रमांकावर निवडला गेला आणि नोव्हेंबर 2009 मध्ये मिलवॉकीकडून एकाच सामन्यात 55 गुण काढले. इमॅन्युएल मुडियाय चीनमध्ये गेला, दुखापतीमुळे मोजकेच सामने खेळला, तरी 2015 मध्ये 7 वा. लामेलो बॉल ऑस्ट्रेलियातून 2020 मध्ये 3 रा. ही उदाहरणं तुझा तो एजंट तोंडपाठ म्हणून दाखवेल. तो सांगणार नाही ते मी सांगतो. ही पोरं परदेशी जाण्याआधीच देशातल्या पहिल्या काही मुलांत गणली जात होती. वाईट वर्षाचं बिल त्यांच्या नावानेच आधी भरून ठेवलं होतं. तुझं नाव त्या यादीत नाही, बाळा. पंधरा वर्षं या भागातली पोरं बघतोय म्हणून सांगतो. तू चांगला आहेस, डाव्या हाताने फिनिश करणारा एवढ्या उंचीचा पोरगा मी दुसरा पाहिला नाही, पण त्या यादीत नाहीस.

आणि दुकानं बंदही होतात. एनबीएने अशा मुलांसाठी 2020 मध्ये जी-लीगमध्ये (डी-लीगचंच नवं नाव) इग्नाइट नावाचा संघ काढला. जेलन ग्रीन तिथून 2021 मध्ये दुसरा निवडला गेला, पंजाबचा प्रिन्सपाल सिंगही पहिल्या तुकडीत होता. चार हंगामांत संघ गुंडाळला. का? कारण जुलै 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागले. 2025 पासून तर कॉलेजं खेळाच्या उत्पन्नातला वाटा थेट देऊ शकतात. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा एका कॉलेजमागे सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. पैशासाठी कॉलेज टाळायचं कारणच उरलं नाही. तुझ्या कॉलेजात यातला फार थोडा झिरपेल, मोठा घास फुटबॉलवाले घेतात, पण शून्य नसेल. विचारून बघ. लाजू नकोस.

आता थोडं माझं. भायखळ्याहून चालत मी नागपाड्याला, मस्तान तलावाच्या कोर्टवर जायचो. बूट एकच जोडी, तीही मोठ्या भावाची. आमच्या काळी प्रोफेशनल होणं म्हणजे रेल्वेत लागणं. खेळाडू कोट्यातून नोकरी मिळाली तेव्हा मी एस.वाय.ला होतो. कॉलेज त्याच आठवड्यात सोडलं, आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या वर्षी गुडघा गेला. कोणी काढलं नाही मला. पार्सल ऑफिसात टेबल मिळालं, एक तारखेला पगार मिळाला, आणि दीड वर्षाने लंगडत का होईना परत कोर्टवर उभा राहिलो. पुढे बायकोच्या नोकरीमागे इथे न्यू जर्सीत, एडिसनला आलो ती गोष्ट निराळी. सांगायचं एवढंच, की कॉलेज सोडणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, मी स्वतः सोडलंय. पण माझं वाईट वर्ष कोणाच्या खात्यावर पडणार, हे सही करताना माझ्या बापाला माहीत होतं.

त्यामुळे बाबांचा निष्कर्ष बरोबर आणि कारण चूक, असं माझं मत. (वहिनी, इथे थांबू नका, वाचा.) डिग्री पळून जात नाही. स्टीफन करीने डेव्हिडसन कॉलेज तिसऱ्या वर्षानंतर सोडलं, 2022 मध्ये पदवी पूर्ण केली, तेव्हा तो एनबीएत तेरा वर्षांचा जुना झाला होता. कॉलेजात जायचं ते वाईट वर्ष काढायला. पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे डिव्हिजन वनच्या, कॉलेजांना (मधल्या फळीतली तुझ्यासारखीही त्यातच आली) आता खेळ खालावला म्हणून स्कॉलरशिप काढून घेता येत नाही, आणि खेळताना झालेल्या दुखापतीचा खर्च कॉलेज संपल्यावरही निदान 2 वर्षं उचलावा लागतो. हे पार्सल ऑफिसातलं टेबलच झालं की.

पण म्हणून कॉलेज म्हणजे माहेर समजू नकोस. ज्या कोचने तुला बोलावलं तो उद्या दुसरीकडे जाऊ शकतो, आणि नवा कोच गोड बोलून तुला ट्रान्सफर पोर्टलचा, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीचा, रस्ता दाखवू शकतो. शिवाय त्याच पोर्टलमुळे कोच लोकांना आता बावीस-तेवीस वर्षांचे तयार गडी आयते मिळतात, अठराच्या पोराला शिकवत बसायचा धीर कोणाला? तेव्हा शनिवारी कोचचा फोन येईल तेव्हा स्कॉलरशिपचं विचारू नकोस, ती लेखी आहेच. विचार की गेल्या तीन वर्षांत हायस्कूलमधून आलेल्या किती मुलांना पहिल्या वर्षी खेळवलं, आणि त्यातली किती अजून तिथे आहेत. नावं विचार. मग त्यातल्या दोघांना स्वतः फोन कर.

आता क्लबचं पत्र. ते वाचलं. आकडा दिसायला बरा आहे. राहायला फ्लॅट, एक गाडी. तुझ्याकडे लायसन्स नाही हे त्यांना सांगितलंस का? एजंटकडे फिबाचा, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेचा, परवाना आहे का, ते आधी बघ. करारात वाद झाला तर बास्केटबॉल लवाद न्यायाधिकरणाकडे, म्हणजे जिनिव्हाच्या बॅटकडे, जाण्याचं कलम हवंच. पगार थकवलेल्या क्लबांकडून खेळाडूंनी पैसे वसूल केलेत ते त्याच रस्त्याने. ते कलम नसेल तर तुला तिथल्या स्थानिक कोर्टात, न कळणाऱ्या भाषेत, वकील शोधावा लागेल. तुला मध्येच दुसरीकडे जायचं असेल तर बायआउट, म्हणजे करारातून सुटायची रक्कम, किती, तेही हवं. तू विचारलंस, वर्षभर तिथे खेळून मग कॉलेजात परत येता येईल का? पूर्वी मी सरळ नाही म्हटलं असतं. 2025 मध्ये जी-लीगमध्ये पगार घेऊन खेळलेल्या काही पोरांना कॉलेजांनी घेतलं, म्हणजे दार किलकिलं झालंय. पण उद्या ते कुठल्या बाजूला सरकेल याच्यावर घर बांधू नकोस.

एक खरं सांगू? क्लबने वर्षभराचे पैसे गॅरंटीड दिले, दुखापत झाली तरी दिले, आणि वरच्या संघाबरोबर सराव करू दिला, तर मी तुझ्या बाजूने बाबांशी भांडायला येईन. मोठ्या माणसांत रोज आपटून तू जे एका वर्षात शिकशील ते कुठल्याही कॉलेजात दोन वर्षांत शिकणार नाहीस. माझा विरोध युरोपाला नाही.

पण तू पाठवलेले फोटो मी नीट लावून बघितले. प्रत्येक पानाखाली 'सात पैकी' असं छापलंय, आणि पानं सहाच आहेत. मेडिकल चाचणी, दुखापत आणि करार कधी रद्द होऊ शकतो, यातलं एक अक्षर त्या सहा पानांत नाही. ते सातव्यावर असणार. एजंटला आज रात्रीच मेसेज कर आणि सातवं पान आल्याशिवाय कशावरही सही करू नकोस. आलं की मला पाठव, कितीही वाजले असले तरी. मी जागाच असतो. हल्ली गुडघा रात्रीचाच ठणकतो.

तुझा,
काका