‘वैविध्यता’ नको, बकरा चालेल

प्रश्न : ‘स्केअर कॅम्पेन’ या ऑस्ट्रेलियन भयपटावर मी लिहिलं, ‘चित्रपटात वैविध्यता नाही, मनोरुग्णांचे प्रतिनिधित्व चुकीचे आहे.’ मैत्रिणीला दोन्ही शब्द खटकले. आणि प्रँक शोमध्ये ज्याची फजिती होते त्याला मराठीत ‘बकरा’ म्हटलेलं चालेल का?

उत्तर : मैत्रिणीचं ऐका. ‘वैविध्यता’ हा शब्द नव्हे, शब्दाला आलेली सूज आहे. ‘विविध’चं भाववाचक नाम एकतर ‘विविधता’ होतं, नाहीतर ‘वैविध्य’. दोन्ही प्रत्यय एकदम लावायचे म्हणजे सदऱ्यावर सदरा. ‘सौजन्यता’ही याच घाण्यातली. सूत्रसंचालकांच्या तोंडून ती ऐकून ऐकून कान किटले आहेत.

‘प्रतिनिधित्व’ शब्द चांगला आहे, पण तुमच्या वाक्यात चुकीच्या जागी बसलाय. इंग्रजी ‘रेप्रेझेंटेशन’च्या पोटात दोन अर्थ आहेत : कुणाच्या वतीने उभं राहणं आणि कुणाचं चित्र उभं करणं. मराठी ‘प्रतिनिधी’ फक्त पहिलं काम करतो. राजाराम महाराजांनी जिंजीला प्रल्हाद निराजींना हे पद दिलं ते छत्रपतींच्या वतीने कारभार पाहण्यासाठी, त्यांचं चित्र रंगवण्यासाठी नव्हे. पडद्यावर कोणत्या समाजाची किती माणसं दिसली, हा हिशेब मांडायचा असेल तर प्रतिनिधित्व म्हणा. बंद पडलेलं मनोरुग्णालय दाखवून ‘वेडा म्हणजे खुनी’ ही समजूत भीतीसाठी वापरली, अशी तक्रार असेल तर ‘चित्रण’ म्हणा.

आता बकरा! मला खरं यावरच बोलायचंय.

संस्कृतात ‘वर्कर’ असा शब्द आहे. ‘बर्कर’ असंही लिहितात. ‘वर्करस्तरुणः पशुः’ असं अमरकोश सांगतो. कोवळं जनावर, म्हणजे कोकरू, करडू. आपला बकरा इथूनच आला. पण संस्कृत कोशांत याच शब्दाचा आणखी एक अर्थ दिलेला असतो आणि तो वाचला त्या दिवशी मी खुर्चीतून उठलोच. अर्थ काय, तर परिहास. थट्टा, मजा! म्हणजे सायरस ब्रोचा ‘एमटीव्ही बकरा’मध्ये रस्त्यावरच्या माणसांची फिरकी घेत होता, तेव्हा कार्यक्रमाच्या नावात बोकड आणि थट्टा दोन्ही आधीपासूनच बसलेले होते. ‘बकरा बनवणे’ हिंदीतून आलंय म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हेही पाहावं की हिंदीचा आणि आपला बकरा एकाच कळपातला आहे.

यावर काही कोशपंडित ठासून सांगतात की ‘बकरा बनवणे’ हे ‘बळीचा बकरा’चंच पिल्लू, आणि ‘बळीचा बकरा’ म्हणजे इंग्रजी ‘स्केपगोट’, दुसऱ्यांच्या चुकांचं खापर ज्याच्यावर फुटतं तो. मला दोन्ही पटत नाही. ‘स्केपगोट’ हा शब्द विल्यम टिंडेलने १५३० साली बायबलच्या भाषांतरात घडवला. लेवीय ग्रंथाच्या १६व्या अध्यायात बोकड दोन आहेत. एकाचा बळी देतात. दुसऱ्याच्या डोक्यावर लोकांची पापं ठेवून त्याला रानात सोडून देतात. स्केपगोट तो हा दुसरा. म्हणजे बळीचा बोकड तो नव्हेच! मूळ अध्याय उघडून न बघता कोश लिहायला बसलं की असं होतं.

शिवाय प्रँकमधल्या बकऱ्यावर कुणी पाप लादत नाही, त्याचा बळीही जात नाही. दोन मिनिटं घाबरतो, चिडतो आणि कॅमेरा दाखवला की ओशाळून हसतो. अॅलन फंटने १९४८ साली अमेरिकन टीव्हीवर छुपा कॅमेरा आणला, तेव्हापासून हाच शिरस्ता चालू आहे. माझ्या मते हा थट्टेचा वर्कर आहे, यज्ञातला नव्हे. संस्कृत कोशापासून आजच्या बोलीपर्यंतचा मधला पुरावा मात्र मला मागू नका. शोध चालू आहे.

केर्न्स बंधूंच्या ‘स्केअर कॅम्पेन’ या २०१६ सालच्या भयपटात तर गंमतच आहे. लोकांना घाबरवून पोट भरणारी टीव्हीवाली मंडळी मुखवटे घातलेल्या पोरांच्या तावडीत सापडतात, आणि ती पोरं खरेखुरे खून चित्रित करून इंटरनेटवर टाकणारी. थट्टेतला वर्कर तिथे पुन्हा जनावरातला होतो.

हां, तुमचा प्रश्न राहिलाच. ‘बकरा’ चालेल.