वर्षभरात काढलेल्या हजारो फोटोंमधून सर्वांत आवडता एकच कसा निवडावा?

दर डिसेंबरात मी या भानगडीत पडतो, म्हणून माझी रीत सांगतो.

गेल्या वर्षीचे ११ हजारांच्या आसपास फोटो होते. पहिली चाळणी सोपी: हललेले, डोळे मिटलेले, एकाच क्षणाचे पंधरा-पंधरा. खरी पंचाईत उरलेल्या चाळीसेक फोटोंची, कारण ते सगळेच चांगले असतात. दिवे घाटाचंच घ्या. ज्ञानोबांची पालखी सासवडकडे चढतेय, वळणावळणावर पांढऱ्या कपड्यांची रांग, मधूनमधून भगव्या पताका. फोटो फक्कडच येतो. पण त्या उतारावर माझ्या आजूबाजूला तीसेक कॅमेरे तिकडेच रोखलेले होते. उद्या त्यातल्या कुणी स्वतःचा फोटो माझ्या नावावर टाकला तर मलाही कळणार नाही. तो बाद.

मग उरलेल्यांतले बारा निवडून ६ बाय ४ चे प्रिंट काढतो आणि फ्रिजवर लावतो. मोबाइलवर फोटो दोन सेकंदांत सरकवला जातो. फ्रिजसमोर माणूस दिवसातून दहा वेळा उभा राहतो. चार दिवसांनी ज्याच्याकडे लक्षच जात नाही, तो उतरवायचा. घरच्यांना मात्र विचारू नका, ते तुमचा चेहरा बघून उत्तर देतात. भिगवणचे रोहित (फ्लेमिंगो) पक्षी, शंभरएक एकदम उडालेले, ज्याला सगळ्यात जास्त लाइक आले होते, त्यावर आठवड्याभरात आईने वाण्याची यादी लावली. मलाही काही वाटलं नाही.

शेवटी राहिला तो त्याच सकाळचा. कुंभारगावचा काठ, फेब्रुवारी महिना. उजनी धरणाचं पाणी ओसरून चिखल उघडा पडायला लागलेला, आणि लांब त्या उथळ पाण्यात रोहित चोच उलटी घालून चरत होते. आमची नाव अजून काठालाच होती. नाववाले दादा तेलाच्या कापलेल्या डब्याने तिच्यातलं पाणी उपसत होते. टपरीवर चहाचे फोटो काढताना लावलेली ५० मिमीची छोटी लेन्स आणि १/३० सेकंदाचा संथ शटर तसाच राहिला होता. मोठी लेन्स बॅगेतून काढण्याआधी सहज एक क्लिक केला. चेहरा जेमतेम शार्प, हात पुसट, डब्यातून उडालेलं पाणी झटकलेल्या धोतरासारखं. रोहित म्हणजे मागे नुसती एक गुलाबी रेघ. स्पर्धेला पाठवला असता तर पहिल्याच फेरीत उडाला असता. (पाठवला होता. उडाला.)

तो अजून फ्रिजवर आहे. परवा भाचा त्याच्यासमोर दूध पीत उभा होता. म्हणाला, "मामा, हे काका पाणी बाहेर टाकतायत की आत भरतायत?"