जुन्या टेपरेकॉर्डरचा बेल्ट घेताना

नुसतं मॉडेल सांगून बेल्ट मागू नका, हाताला येईल तो गळ्यात मारला जातो. आधी टेप उघडा. जुना बेल्ट एकतर सैल पडलेला असेल, नाहीतर वितळून डांबरासारखा पुलीला चिकटलेला. त्याचं माप घेण्यात अर्थ नाही. सुती दोरा मोटरच्या पुलीवरून फ्लायव्हीलभोवती (आतलं मोठं जड चाक), बेल्टच्याच वाटेने फिरवा, खूण करून लांबी मोजा. नवा बेल्ट त्याहून साधारण ५ टक्के आखूड हवा. दोरा २५० मिमी भरला तर बेल्टचा आतला घेर २३७-२३८ मिमी. दुकानात व्यास विचारला तर ३.१४ ने भागा, ७५-७६ येईल. फार घट्ट बसवलात तर मोटरचं बेअरिंग झिजतं आणि सूर थरथरतो.

चौकोनी की चपटा, ते पुलीची खाच पाहून ठरवा. जाडीकडे मात्र नवशिके हमखास दुर्लक्ष करतात. मोटरची पुली इवलीशी असते, त्यामुळे चपटा बेल्ट थोडा जाड झाला तरी टेप जलद पळते आणि गायकाचा आवाज चढतो. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंमी. बऱ्याच मोटरींच्या पाठीमागे छिद्रात वेग जुळवायचा बारीक स्क्रू असतो, तो अगदी किंचित फिरवा.

नवा बेल्ट चढवण्याआधी पुलीवरचा काळा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पूर्ण काढा. कपड्यांना लागला तर जात नाही. आणि कृपा करून साधं रबरबँड लावू नका, गाणं हेलकावेच खाणार.