सिसिलीला आठ दिवस जायचंय. जुनी शहरं बघायचीत, समुद्रही हवाय, मुलं बरोबर आहेत. ताओरमिनाजवळच्या एकाच रिसॉर्टवर सगळा मुक्काम ठेवावा का?

नको. समुद्र मिळेल, शहरं राहून जातील. एवढं ठामपणे सांगतोय, कारण ह्याच विषयावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे.

आम्ही आणि साडूंचं कुटुंब, बरोबर सासूबाई, असे गेलो होतो. बुकिंग साडूंनी केलेलं, ताओरमिनाच्या पायथ्याच्या जार्दिनी नाक्सोसला, अगदी समुद्राला लागून. "एकदा बॅग उघडली की परत भरायची नाही" हे त्यांचं प्रवासाचं शास्त्र. हॉटेल चकाचक होतं, नाही कोण म्हणतंय! पण स्टेशनवर सोडणारी त्यांची गाडी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. ती चुकली की टॅक्सीवाला मागेल ते मोजायचं. तिथून सिराकूझा हे जुनं ग्रीक शहर ट्रेनने साधारण दोन तास. म्हणजे जाऊन-येऊन चार तास डब्यात आणि शहर बघायचं ते नेमकं भर दुपारी, दुकानांची शटरं खाली असताना. तिथली माणसं संध्याकाळी ठेवणीतले कपडे घालून चौकात फिरायला निघाली, तेव्हा आम्ही प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघत उभे.

ओर्तीजा म्हणजे सिराकूझाचं मूळ बेट, आता पुलांनी जोडलेलं. तिथलं कॅथेड्रल समोरून बघाल तर अठराव्या शतकातलं, नटवलेलं. साडू चौकातच जेलातो घेऊन बसले. "चर्च एक बघितलं की सगळी बघितली." मी आणि सासूबाई बाजूच्या गल्लीत वळलो. तिथे चर्चच्या भिंतीतून दगडी ग्रीक खांब अर्धेअर्धे बाहेर आलेले दिसतात. मूळचं ते अथीना ह्या ग्रीक देवीचं देऊळ, इसवीसनापूर्वी पाचव्या शतकातलं. ख्रिश्चनांनी ते पाडलं नाही. खांबांमधली जागा भिंत घालून बुजवली, आतल्या गाभाऱ्याच्या भिंतींना कमानी पाडल्या आणि चर्च उभं केलं. अरबांच्या काळात तिथे मशीद होती, उत्तर फ्रान्सकडचे ख्रिश्चन नॉर्मन आल्यावर पुन्हा चर्च. १६९३च्या भूकंपानंतर दर्शनी भाग नव्याने बांधावा लागला, खांब मात्र तेच. सासूबाई एका खांबाच्या पन्हळीवरून हात फिरवत म्हणाल्या, "अहो, हा कललाय की मलाच तसं दिसतंय?" कललेलाच आहे. भूकंपाचे धक्के खाऊन उभा आहे तो.

बाहेर आल्यावर हे सगळं साडूंना सांगितलं, तर म्हणाले, "देवळं काय आपल्याकडे कमी आहेत?" मग समुद्र तरी कमी आहे का? वाळूतच लोळायचं तर दिवेआगर आहे, व्हिसाही लागत नाही. आणि गंमत म्हणजे ज्या जार्दिनी नाक्सोसला ते आरामखुर्चीत पडून होते, तिथेच इसवीसनापूर्वी ७३४च्या सुमारास ग्रीकांनी सिसिलीतली आपली पहिली वसाहत केली. अवशेष आहेत, म्युझियम आहे. गेले नाहीत.

तर तुमचं. विमानाने पूर्वेच्या कातानियाला उतरा, परत वायव्येच्या पालेर्मोहून निघा. पहिला अर्धा मुक्काम ओर्तीजात, दुसरा उत्तर किनाऱ्यावरच्या चेफालू गावात. मधल्या प्रवासात अर्धा दिवस जाईल, जाऊ दे. चेफालूला जुन्या घरांच्या भिंती संपतात तिथेच वाळू सुरू होते. ११३१ साली नॉर्मन राजा दुसऱ्या रॉजरने सुरू केलेलं कॅथेड्रल चालत पाच-दहा मिनिटांवर, सोनेरी मोझाइकमधला ख्रिस्त बघायचाच. तिथून पालेर्मो ट्रेनने तासाभरात. पालेर्मोला राजवाड्यातलं कापेल्ला पालातीना सोडू नका. ख्रिश्चन राजाच्या चॅपेलला अरबी धाटणीचं लाकडी छत आहे, मान दुखेपर्यंत बघत बसाल. रस्त्यावर पावात घालून पानेल्ले मिळतात. सुरळीच्या वडीचं पीठ शिजवून थापावं आणि मग तळावं, तशी ती चव. शाकाहाऱ्यांचे हाल होतील म्हणणाऱ्यांनी हे खाल्लेलं नसतं.

मुलांना सिराकूझाच्या ग्रीक थिएटरजवळच्या दगडखाणी दाखवा. 'डायोनिसियसचा कान' नावाची २३ मीटर उंच गुहा आहे, आत आवाज घुमतो. सिराकूझाच्या अशा दगडखाणींतच इसवीसनापूर्वी ४१३ साली हरलेल्या अथेन्सच्या हजारो सैनिकांना डांबलं होतं. मोठी मुलं ही गोष्ट ऐकतात.

सप्टेंबर चांगला, पाणी कोमट असतं. ऑगस्ट नको, अख्खी इटली सुट्टीवर असते.

आता हेही सांगायला हवं. ओर्तीजात वाळूचा मोठा किनारा नाही, लोक खडकांवरून पाण्यात उतरतात. लहान मुलांना वाळू हवी तर बसने फोंताने बियांकेला जा. जुन्या घरांना बहुधा लिफ्ट नसते, गुडघे दुखणारं कोणी असेल तर खोली घेण्याआधी विचारा. गाडी भाड्याने घेणार असाल तर जुन्या भागात शिरू नका. कॅमेरे असतात, दंडाचा कागद महिन्यांनी घरी येतो. ताओरमिनाचं प्राचीन थिएटर, मागे एटना ज्वालामुखी, हे अप्रतिम आहे, पण एक दिवस पुरे. गाव डोंगरावर, समुद्र खाली, आणि खाली बऱ्याच ठिकाणी गोटेच. हे साडूंनाही मान्य आहे, फक्त ते माझ्यासमोर म्हणत नाहीत.