गोळी रोज घेते, तरी टीएसएच उतरत का नाही?

यावेळी थायरॉइडचे प्रश्न इतके आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकात घेते. टीएसएच म्हणजे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला काम करायला लावणारं हार्मोन, ग्रंथी कमी पडली की रक्तात ते वाढतं.

प्रश्न: मी ४२ वर्षांची, सुदामा नगरला राहते. तीन वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू आहे, आधी ५० मायक्रोग्रॅमची होती मग ७५ ची झाली, तरी टीएसएच ९ च्या खाली येतच नाही. सकाळी उठल्याबरोबर चहा, मग पोहे, मुलांचे डबे, आणि या गडबडीत थायरॉइडची, कॅल्शियमची आणि हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून आयर्नची अशा तिन्ही गोळ्या एकदमच घेऊन टाकते. थकवा जात नाही, केस गळतात, वजन ११ किलो वाढलंय. डॉक्टर आता १०० करू म्हणतायत. गोळी मला सूट होत नसेल का?

उत्तर: ताई, गोळी चांगलीच आहे, ती पोटातून रक्तात नीट पोचत नाहीये असं तुमच्या पत्रावरून वाटतं. ही लेव्होथायरॉक्सिनची गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि मग निदान अर्धा तास, जमलं तर तासभर काही घ्यायचं नाही, चहासुद्धा नाही. इंदूरच्या घरात सकाळचा पहिला चहा थांबवणं किती कठीण आहे ते मला चांगलं माहितीये, पण चहा सोडायचा नाहीये हो, फक्त मागे ढकलायचाय. आणि कॅल्शियम, आयर्न तर या गोळीला पोटातच धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात आणि हिच्यात ४ तासांचं अंतर पाहिजेच, ती दोन्ही दुपारच्या-रात्रीच्या जेवणाकडे न्या. ॲसिडिटीची काही गोळी किंवा पातळ औषध चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

बऱ्याच घरांत ही बाटली गॅसच्या वरच्या फळीवर मीठ-मसाल्यांशेजारी असते, खाली कुकरच्या शिट्ट्या चालू आणि वाफ थेट बाटलीवर. तिथून आजच हलवा, उष्णता आणि दमट हवेनं ही गोळी कमजोर पडते, आणि आपल्याकडचा मे महिना तर तुम्हाला माहितीच आहे. पलंगाजवळ बाटली आणि पाण्याचा तांब्या ठेवा, डोळे उघडले की गोळी, मग आंघोळ-पूजा, मग चहा. रात्री जेवून ३ तास झाल्यावर झोपताना घेतली तरी चालते, पण जेवणंच दहाला होत असतील तर ते जमणार नाही.

१०० करण्याआधी डॉक्टरांना हे सगळं अगदी स्पष्ट सांगा, की मी चहानंतर आणि कॅल्शियमबरोबर घेत होते. कारण तीच ७५ ची गोळी नीट घेतली तर जास्त लागू पडेल, आणि वरून डोस वाढवला तर धडधड, झोप न लागणं आणि पुढे हाडं ठिसूळ होणं असले त्रास मागे लागतात. बदल केल्यावर ६ ते ८ आठवड्यांनीच टेस्ट करा, हे औषध शरीरात हळूहळू जमतं, पंधरा दिवसांत केलेली टेस्ट खरं चित्र दाखवत नाही. त्या दिवशी रक्त आधी द्या, गोळी नंतर घ्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर निदान २ दिवस आधी बंद ठेवा, त्यानं टीएसएच खोटाच कमी दिसू शकतो.

वजनाचं खरं सांगते, थायरॉइडमुळे सहसा २ ते ५ किलोच वाढतं, त्यातही पाणी बरंच असतं, ११ किलोचा सगळा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही. थकवा आणि केस यांत हिमोग्लोबिनचाही वाटा असणार, तेव्हा आयर्न सोडू नका, फक्त वेळ बदला.

प्रश्न: रामबागेतून लिहितेय. सून दोन महिन्यांची गरोदर आहे, तिला आधीपासून थायरॉइड आहे. माझ्या जावा म्हणाल्या की पोटात बाळ असताना कसल्याच गोळ्या नकोत, म्हणून तिनं आठवड्यापासून बंद केलीये. बरोबर केलं ना?

उत्तर: नाही काकू, गोळी आजच सुरू करा आणि आजच तिच्या डॉक्टरांना फोन करा, पुढच्या सोनोग्राफीची वाट बघू नका. बाळाची स्वतःची ग्रंथी साधारण १२ व्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते आणि पूर्ण तयार व्हायला तर आणखी वेळ जातो, तोपर्यंत त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, आईकडूनच जातं. म्हणून या दिवसांत डोस बंद करणं तर दूरच, उलट बहुतेक वेळा तो २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो, किती ते डॉक्टर टीएसएच बघून ठरवतील, आणि पहिले निम्मे महिने दर ४ आठवड्यांनी टेस्ट लागेल. बाळंतपणानंतर डोस परत खाली येतो, आणि अंगावर पाजताना ही गोळी सुरक्षित आहे. जावांना राग येईल, येऊ द्या, तुम्ही सुनेच्या बाजूनं उभ्या राहा. बाळ झालं की त्याचीही थायरॉइडची तपासणी पहिल्या काही दिवसांतच करून घ्या.

प्रश्न: सासूबाईंनी श्रावणापासून घरात फक्त सेंधा नमक आणायला सुरुवात केलीये, म्हणतात थायरॉइडला चांगलं. कोबी-फ्लॉवरही बंद. करावं का असं?

उत्तर: उपासापुरतं ठीक, बारा महिने सगळ्या घराला नको. सेंधा नमकात सहसा आयोडीन घातलेलं नसतं, थायरॉइडला तर ते लागतंच, आणि आपल्या देशात गलगंडाचा त्रास एवढा होता की १९६२ मध्ये सरकारला राष्ट्रीय कार्यक्रम काढावा लागला, आयोडीनचं मीठ त्यातूनच घरोघरी पोचलं. घरात लहान मुलं किंवा बाळाचा विचार करणारी सून असेल तर साधं आयोडीनचं मीठच बरं. पण जास्त आयोडीन खाल्लं की आजार पळतो असंही नाही, आजकाल बायकांत थायरॉइड बहुतेक वेळा शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटल्यानं होतो, जपानच्या हाशिमोतो नावाच्या डॉक्टरांनी १९१२ मध्ये याचं वर्णन केलं आणि अँटी-टीपीओ टेस्टमध्ये, म्हणजे ग्रंथीविरुद्धच्या अँटीबॉडी मोजणाऱ्या रक्ततपासणीत, ते दिसतं. त्यामुळे आयोडीनच्या गोळ्या आपल्या मनानं नकोतच. कोबी-फ्लॉवर शिजवून खुशाल खा.

प्रश्न: रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी बंद करू?

उत्तर: गोळी चालू आहे म्हणून तो नॉर्मल आलाय. बाळंतपणानंतर उद्भवलेला थायरॉइड पुष्कळदा वर्षभरात आपोआप जातो, पण बंद करून बघायचं ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच.

प्रश्न: मी २४ वर्षांची. भरपूर खाऊनही चार महिन्यांत ७ किलो उतरले, मैत्रिणी म्हणतात नशीबवान आहेस, पण छातीत धडधडतं, हात थरथरतात, पंख्याखालीही घाम येतो.

उत्तर: टीएसएच आणि टी३, टी४ (थायरॉइडची हार्मोन्स) या टेस्ट याच आठवड्यात करून घे बेटा, ही ग्रंथी जास्त काम करत असल्याची लक्षणं दिसतायत, इथे औषध अगदी वेगळं असतं, घरातल्या कुणाची गोळी उचलून घेऊ नकोस. बहुधा ग्रंथीचं काम कमी करणारं कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल देतील. ते चालू असताना ताप आला किंवा घसा जोरात दुखायला लागला तर व्हायरल आहे म्हणून घरी बसू नकोस, क्वचित कधी या औषधानं पांढऱ्या पेशी एकदम खाली जातात, तेव्हा पुढची गोळी थांबव, त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करून घे आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा.