चौथ्या प्रयत्नाचे गणित

प्रश्न : अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हाती असलेला संघच तो लाथ मारून प्रतिस्पर्ध्याकडे का पाठवतो?

उत्तर : प्रत्येकी ११ खेळाडूंच्या या खेळात आक्रमक संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी ४ प्रयत्न मिळतात, तेवढे अंतर कापले की नवे ४ प्रयत्न मिळतात, अन्यथा चेंडू जिथे थांबला तिथूनच तो प्रतिस्पर्ध्याला द्यावा लागतो. त्यामुळे तीन प्रयत्न वाया गेल्यावर आणि गोलरेषा दूर असताना, पुढचा धोका टाळण्यासाठी संघ चेंडू लांबवर लाथाडतो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला बरेच मागून सुरुवात करावी लागते. ही माघार दिसते खरी, पण बहुधा तीच शहाणी चाल असते. गोलखांब आवाक्यात असतील तर मात्र चेंडू त्यांच्या मधून, आडव्या दांडीवरून मारून ३ गुण घेता येतात. चेंडू गोलरेषेपलीकडे नेल्यास ६ गुण मिळतात आणि वर १ किंवा २ गुणांची जादा संधीही मिळते. अर्थात, सामन्याची अखेर जवळ आली असताना पिछाडीवरचा संघ चौथा प्रयत्नही खेळूनच पाहतो, कारण तेव्हा चेंडू सोडणे म्हणजे उरलेला वेळही सोडणे असते.