एसएसपीसारख्या संस्थेचं सदस्यत्व घेऊन करिअरला खरंच फायदा होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्यात जर्नल प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे संशोधन-नियतकालिकांचे अंक छपाई आणि वेबसाठी तयार करण्याच्या कामात आहात, अमेरिकन क्लायंट सांभाळता. कुणीतरी सुचवलं की सोसायटी फॉर स्कॉलरली पब्लिशिंग (एसएसपी) या अमेरिकेतल्या संस्थेचं सदस्यत्व घ्या. पण फी खिशातून जाणार आणि वार्षिक परिषद तिकडे अमेरिकेत, मग उपयोग काय?

नुसतं सदस्यत्व घेऊन काहीच होत नाही. लिंक्डइनवर एक ओळ वाढते, वेबिनारच्या मेल्स येतात, त्या आपण 'नंतर बघू' म्हणून ठेवतो. संस्थेच्या एखाद्या समितीत शिरून काम केलंत तर मात्र फरक पडतो. मीही पुण्यातच, याच धंद्यात आहे. एक्सएमएल, प्रूफ, टर्नअराउंड टाइम यातच माझा दिवस जातो. संध्याकाळी एसएसपीच्या एका समितीचं काम करते, म्हणून सांगते.

एसएसपी ही 1978 साली सुरू झालेली, संशोधनपर प्रकाशनातल्या लोकांची ना-नफा संस्था. तिची गंमत अशी की तिथे फक्त प्रकाशक नसतात. विद्यापीठांच्या प्रेस, ग्रंथपाल, सॉफ्टवेअरवाले आणि आपल्यासारखे टाइपसेटिंगवाले, सगळे एकाच टेबलावर. ब्रिटनमध्ये 1972 पासून एएलपीएसपी (असोसिएशन ऑफ लर्नेड अँड प्रोफेशनल सोसायटी पब्लिशर्स) आहे, तिचाही सूर साधारण तोच. एसटीएम मात्र विज्ञान, तंत्रज्ञान, वैद्यक या विषयांच्या प्रकाशन संस्थांची संघटना. तिथे आपण एकटे जाऊन दार वाजवण्यात अर्थ नाही.

आता समितीत नेमकं काय होतं ते. ऑफिसात आपण 'व्हेंडर'. मेलवर 'डिअर टीम', आणि पुढे काय चुकलंय त्याची यादी. क्लायंटनं स्टाइल का बदलली, अमुक जर्नलचा अंक अचानक का थांबवला, हे आपल्याला कोणी सांगत नाही; फक्त नवीन तारीख येते. समितीच्या कॉलवर अशाच एखाद्या प्रकाशन कंपनीतली बाई समोर असते, पण तिथे ती तुमची क्लायंट नसते. ती सरळ सांगते की यंदा बजेट कापलंय, संपादक मंडळ नाराज आहे, ओपन अ‍ॅक्सेसच्या (वाचकाला लेख फुकट खुला ठेवण्याच्या) करारामुळे कोणत्या लेखाचे पैसे कोण भरणार यावरच दोन महिने गेले. आणि मग विचारते, तुमच्याकडून हे कसं दिसतं? हा प्रश्न क्लायंट कधी विचारत नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते कोणालाच नको असलेल्या कामानं, म्हणजे बैठकीची मिनिट्स (इतिवृत्त) लिहिण्यानं. नवीन माणसाच्या गळ्यात ते हमखास पडतं. पडू द्या. कोण काय म्हणालं, काय ठरलं, कुणाकडे काम गेलं हे लिहायचं म्हणजे न कळलेलं विचारावंच लागतं, आणि मिनिट्स लिहिणाऱ्यानं विचारलं तर कोणाला त्यात वावगं वाटत नाही. दुसरं असंच काम म्हणजे परिषदेसाठी आलेले सत्रांचे प्रस्ताव वाचून गुण देणं. आपल्याच प्रॉडक्टची जाहिरात करणारा प्रस्ताव दुसऱ्या वाक्यातच ओळखू यायला लागतो. मग ऑफिसात स्वतःचं प्रेझेंटेशन बनवताना हात आपोआप आखडतो.

एक ठोस उदाहरण. युरोपचा अ‍ॅक्सेसिबिलिटी कायदा, म्हणजे अपंग व्यक्तींनाही वस्तू-सेवा वापरता याव्यात म्हणूनचा कायदा, 28 जून 2025 पासून लागू झाला. ई-बुक्सही त्याच्या कक्षेत येतात. आमच्या बऱ्याच क्लायंटनी 'आकृत्यांना ऑल्ट टेक्स्ट (चित्राचं शब्दांतलं वर्णन) हवा' हे शेवटच्या काही महिन्यांत सांगितलं. मी ते कॉलवर आधीपासून ऐकत होते. 'आकृती 3: पेशींची वाढ' एवढं लिहिलं की ऑल्ट टेक्स्ट झाला असं होत नाही, ज्याला आलेख दिसत नाही त्याला रेषा कुठे चढली आणि कुठे सपाट झाली ते कळायला हवं. आणि ते कॉपीएडिटर लिहिणार, लेखक लिहिणार की वेगळी टीम, यावरच सगळा खर्च ठरतो. हे डोक्यात असल्यामुळे दर ठरवायच्या मीटिंगला मला बोलावलं गेलं. त्याआधी तिथे फक्त सेल्सवाले बसायचे.

तोटेही सांगते. हे फुकट काम आहे, आणि वेळ त्यांची असते. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वेळेनुसार (ईस्टर्न टाइम) सकाळी 11 चा कॉल म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ; नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेनऊ. स्वयंपाकघर आवरून बसायचं. परिषद दरवर्षी, बहुतेकदा अमेरिकेतल्या एखाद्या शहरात, साधारण मेअखेरीस. तिकीट, हॉटेल आणि व्हिसाची तारीख, तिन्ही जुळणं कठीण. जगातल्या कितीतरी जर्नल्सची पानं पुणे, चेन्नई, पुदुच्चेरीत लागतात, पण व्यासपीठावर तिथली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. मला याचा राग येतो. पण म्हणूनच आपण काही बोललो तर ते लक्षात राहतं, हेही खरंय.

आणि बढतीसाठी म्हणून जाऊ नका. तुमच्या मॅनेजरला या समितीचं नावही माहीत नसण्याची शक्यता जास्त. अप्रेझलमध्ये त्याला रकाना नाही. फायदा होतो तो बाहेर: नोकरी बदलताना दुसऱ्या कंपनीतला माणूस तुम्हाला कामावरून ओळखत असतो, सीव्हीवरून नाही.

तुमच्या जागी मी असते तर शिक्षण समितीसाठी नाव दिलं असतं. वेबिनारचं काम घरबसल्या होतं, प्रवास लागत नाही. करिअरची सुरुवातच असेल तर त्यांची फेलोशिप बघा. त्यात मेंटॉर मिळतो. तेवढंही आत्ता जमणार नसेल तर सप्टेंबरातल्या पीअर रिव्ह्यू वीकमध्ये (लेख छापण्याआधी इतर तज्ज्ञांकडून तपासून घेण्याच्या पद्धतीवरच्या आठवड्यात) काहीतरी करून बघा. 2015 पासून अनेक संस्था मिळून तो चालवतात. अशा माणसांबरोबर काम करायला आवडतं की नाही, ते त्यातून कळेल.

फी भरण्याआधी मात्र एचआरला विचारा की आपली कंपनी संस्था म्हणून सदस्य आहे का. असेल तर त्यात तुमचं नाव घालता येतं का तेही विचारा. मोठ्या कंपन्या बऱ्याचदा सदस्य असतात, आणि फ्लोअरवर कोणाला पत्ता नसतो.